सायकलची जादा ट्यूब कोणती घ्यावी? ७००, २८, ३८, ६२२... या आकड्यांतून वाट काढायला मदत हवी

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. माझी हायब्रिड सायकल आहे, टायरवर ७०० x ३८सी असं लिहिलंय. दिवाळीनंतर दिवेआगरहून निघून समुद्राकाठच्या रस्त्याने गोव्यापर्यंत जायचं आमचं चौघांचं ठरतंय. त्यासाठी जादा ट्यूब घ्यायला साताऱ्यात एका दुकानात गेले, तर दुकानदारांनी तीन खोकी पुढ्यात ठेवली. पहिल्यावर ७०० x २८/३२, व्हॉल्व्ह बारीक आणि लांब. दुसऱ्यावर ७०० x ३५/४३, व्हॉल्व्ह मोटारसायकलला असतो तसा. तिसऱ्यावर २८ x १ १/२, तिला आपला जुना वॉलट्यूबवाला व्हॉल्व्ह. मी विचारलं, यातली माझी कुठली? ते म्हणाले, "अठ्ठावीसची कुठलीही न्या, रबर आहे, ताणतं."

काहीच न घेता परत आले. सातशे, अठ्ठावीस आणि अडतीस यांचा एकमेकांशी संबंध काय, हे आधी कळलं पाहिजे असं वाटलं. शिवाय वाटेत ट्यूबा संपल्या तर गुहागर-देवगडच्या पट्ट्यात काय मिळेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खडीसाखर

टायरच्या कुशीवर, ७०० x ३८ च्या आसपासच, उठावाचे बारीक आकडे असतात. ३८-६२२ किंवा ४०-६२२ असे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा म्हणजे दिसतील. ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

पाऊलवाट

दिसले! ४०-६२२. इतके दिवस सायकल पुसतेय, पण हे कधी वाचलंच नव्हतं.

निळूभाऊ

आमचं मिरजेला सायकलचं दुकान होतं, वडिलांनंतर काही वर्षं मी बघितलं. त्यामुळे या प्रश्नावर जरा पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

तुम्हाला सापडलेले आकडे हेच खरे. पहिला टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. ४०-६२२ म्हणजे चाळीस मिमी रुंद आणि ६२२ मिमी व्यासाच्या रिमवर बसणारा टायर. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकातली आहे आणि तिच्यात गोंधळाला जागा नाही. गोंधळ सगळा इंचांचा आणि जुन्या फ्रेंच नावांचा; तुमचं ७०० हे त्या फ्रेंच नावांपैकीच.

आता तुमचे अठ्ठावीस. आपल्याकडची काळी दणकट सायकल, दूधवाल्यांची म्हणा, पोस्टमनची म्हणा, तिचं चाक २८ x १ १/२. त्याचा व्यास ६३५. तुमच्या हायब्रिडचं चाक परदेशात २८ इंचीच म्हणवलं जातं, पण व्यास ६२२. माउंटन बाइकवाले ज्याला २९ म्हणतात तेही ६२२ च. आणि रोड बाइकवाल्याने "माझी अठ्ठावीस आहे" म्हटलं तर तो ७०० x २८, म्हणजे टायरची रुंदी सांगत असतो. एकाच आकड्याखाली तीन वेगळ्या गोष्टी. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही प्रामाणिक असून चुकीची वस्तू घरी जाते ती अशी.

सव्वीसचं तर याहून अवघड. लेडीज सायकलचं २६ x १ ३/८ म्हणजे ५९०. माउंटन बाइकचं २६ x १.९५ म्हणजे ५५९. आणि २६ x १ ३/४ असं अपूर्णांकात लिहिलेलं असेल तर ५७१, तेच २६ x १.७५ असं दशांशात असेल तर ५५९. गणिताच्या बाईंना विचाराल तर पावणेदोन आणि १.७५ एकच, पण सायकलच्या दुकानात नाही. ५५९ चा टायर ५७१ च्या रिमवर कोणी चढवून दाखवावा!

पण हे सगळं टायरला जेवढं लागू आहे तेवढं ट्यूबला नाही. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. ट्यूब ताणते. तुमच्या दुकानदारांचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ६३५ आणि ६२२ मध्ये व्यासाचा फरक १३ मिमी, घेराचा एक्केचाळीसच्या आसपास. दोन मीटरच्या घेरात चार सेंटिमीटर रबराला जाणवतसुद्धा नाही. त्यांची चूक "कुठलीही" म्हणण्यात होती. कारण व्यासात ट्यूब जेवढं सांभाळून घेते तेवढं रुंदीत घेत नाही, आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत तर मुळीच नाही.

म्हणून माझ्या हिशेबाने क्रम असा: आधी रिमचं भोक बघा, मग रुंदी, मग व्यास. लोक नेमका उलट बघतात.

मीनल_

निळूभाऊ, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. रिमचं भोक कसं बघायचं तेही सांगा ना. माझ्या सायकलला बारीक व्हॉल्व्ह आहे.

निळूभाऊ

मीनलताई, बाजारात व्हॉल्व्ह तीन जातींचे. मोटारसायकल-कारसारखा तो श्रेडर, जाड. बारीक, टोकाला छोटी फिरकी असलेला तो प्रेस्टा. आणि आपला देशी, आत वॉलट्यूबची रबरी नळी असलेला तो डनलॉप, याला वुड्सही म्हणतात. श्रेडर आणि देशी व्हॉल्व्हला रिमला साडेआठ मिमीच्या आसपास भोक लागतं, प्रेस्टाला साडेसहा. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह बसतो, फक्त तो हलू नये म्हणून रबरी किंवा प्लॅस्टिकची छोटी बाही घालावी लागते. लहान भोकात जाडा व्हॉल्व्ह शिरणारच नाही. काही पंक्चरवाले ड्रिल मारून भोक मोठं करतात. अरुंद रिमवर हे करू देऊ नका, रिम तिथे कमजोर होते.

पाऊलवाट

माझ्या सायकलला जाडा व्हॉल्व्ह आहे, मोटारसायकलसारखा. म्हणजे दुसरं खोकं, ७०० x ३५/४३?

निळूभाऊ

अगदी बरोबर. डोळे मिटून दुसरं खोकं.

पेडलवेडा

निळूभाऊंच्या माहितीबद्दल आदर आहे, पण २०० किमीच्या आणि त्यापुढच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या) करणारा म्हणून सांगतो, आता टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या ट्यूबा सोडून दुसरं काही नेऊ नये. पाऊलवाटताईंच्या मापाची काळ्या रबराची ट्यूब दीडशे ग्रॅमच्या घरात जाते. टीपीयूची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकी आणि घडी केली की काडेपेटीएवढी. दोन नेल्या तरी जर्सीच्या खिशात कळत नाहीत. सायकलच्या बारीक पिशवीत आधीच जागा कमी, तिथे दोन काळ्या ट्यूबा म्हणजे अर्धी पिशवी संपली.

दख्खनी

पेडलवेडा, त्या ट्यूबेला आमच्या सोलापूरकडच्या वेड्या बाभळीचा काटा दाखवा एकदा. आणि मग माळरानावर बसून पॅच लावून दाखवा.

पेडलवेडा

@दख्खनी, काटा काळ्या ट्यूबेलाही सोडत नाही. टीपीयूचे पॅच वेगळे मिळतात, चिकटवले की झालं.

दख्खनी

वेगळे मिळतात, हेच तर म्हणतोय. ते कोकणात कुठल्या गावात मिळतील? नेहमीचं सोल्युशन त्या प्लॅस्टिकवर धरत नाही. काळ्या ट्यूबेचं पंक्चर महाराष्ट्रातला कुठलाही पंक्चरवाला काढून देतो, अगदी जुन्या ट्यूबेचा तुकडा कापून, कानशीने घासून, सोल्युशन लावून. दौऱ्यावर निघालेल्या माणसाने वस्तू निवडताना ती आपल्या गावात कशी चालते हे बघू नये, बिघडली तर वाटेवर कोण दुरुस्त करील हे बघावं. माझा सगळा विचार या एका मुद्द्यावर आहे.

रसायनी

दोघांच्या भांडणात थोडं रबर घालते.

काळी ट्यूब म्हणजे ब्युटाइल रबर. १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा बनलं. त्याआधी ट्यूबा नैसर्गिक रबराच्या असत आणि त्यातून हवा सतत झिरपायची. ब्युटाइलमधून हवा नैसर्गिक रबराच्या मानाने साधारण आठ-दहा पट हळू जाते, म्हणूनच आज आपण आठवड्यात एकदा पंप मारून निभावतो. शर्यतीवाले अजूनही लॅटेक्सच्या ट्यूबा वापरतात, कारण त्या लवचिक असतात आणि चाक हलकं पळतं. पण रोज सकाळी हवा भरावी लागते. दौऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

टीपीयू हे रबर नव्हे, ताणणारं प्लॅस्टिक आहे. त्याची दोन पथ्यं पेडलवेडा यांनी सांगायला हवी होती. एक, ती टायरबाहेर फुगवून बघायची नाही. आकार येईल इतपत हवा ठीक, त्याहून जास्त भरली तर ती कायमची ताणून बसते. दुसरं उष्णतेचं. ज्यांच्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत त्यांनी लांब घाट उतरण्याआधी त्या ट्यूबेच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचावं. कित्येक टीपीयू ट्यूबा रिम ब्रेकला चालत नाहीत असं कंपनीच सांगते. डिस्क ब्रेक असतील तर हा प्रश्न नाही.

पाऊलवाट

माझे रिम ब्रेक आहेत. आणि त्या वाटेवर खाडीला उतार, मग लगेच चढ, असं दिवसभर चालू असतं म्हणे. मग काळीच बरी.

पेडलवेडा

रसायनी, मुद्दा मान्य. रिम ब्रेकला टीपीयू नको. डिस्कवाल्यांसाठी माझी शिफारस कायम आहे.

गडभटक्या

उन्हाचं पण कोणी तरी बोला. एप्रिल-मेमध्ये सायकल उन्हात लावली की ट्यूब फुटते, म्हणून आमच्याकडे सगळे हवा कमी ठेवतात.

रसायनी

@गडभटक्या, हिशेब करून बघू. सावलीत ३० अंशाला ६० पीएसआय हवा भरली आणि उन्हात टायर ६० अंशापर्यंत तापला असं धरलं, तरी दाब जेमतेम ६७-६८ होतो. तेवढ्याने धड बसवलेली ट्यूब फुटत नाही. उन्हात फुटलेली ट्यूब काढून बघा, बहुतेक वेळा ती टायरच्या कडेखाली अडकलेली असते किंवा टायरची कड रिमवर नीट बसलेली नसते. जास्तीच्या दाबाने ती नेमकी तिथूनच बाहेर येते आणि बार उडतो.

हवा कमी ठेवण्याचा तोटा मोठा आहे. खड्ड्याची कड लागली की टायर पार दबून ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चेमटते. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर ते काट्याचं पंक्चर नाही, कमी हवेचं आहे.

खडीसाखर

म्हणजे आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याचं निम्मं उत्पन्न "हवा कमी ठेवा" या सल्ल्यावर चाललंय.

डच_वारा

मी नेदरलँड्समध्ये राहते. निळूभाऊंचं ६३५ वाचून आनंद झाला. इथल्या जुन्या धाटणीच्या आजीबाईंच्या सायकली, काळ्या, उंच, सरळ बसून चालवायच्या, त्यांचंही चाक २८ x १ १/२, म्हणजे ४०-६३५. आपल्या दूधवाल्याचीच बहीण. आणि व्हॉल्व्हही तोच, डनलॉप. फक्त आतली रबरी वॉलट्यूब जाऊन तिच्या जागी ब्लिट्झ नावाचा छोटा सुटा व्हॉल्व्ह आलाय. पंप मारायला सोपा आणि रबर कुजण्याची भीती नाही. भारतात येताना मी बाबांच्या सायकलसाठी मूठभर घेऊन येते, त्यांच्या ट्यूबेत आरामात बसतात.

इथे मिळणाऱ्या श्वाल्बे कंपनीच्या सतरा नंबरच्या ट्यूबेवर २८/४७-६२२/६३५ असं सरळ छापलेलं असतं. म्हणजे एकच ट्यूब दोन्ही व्यासांना आणि २८ पासून ४७ मिमी रुंदीपर्यंत चालते हे कंपनीच सांगतेय. निळूभाऊंनी दुकानात बसून जे सांगितलं ते खोक्यावर छापून आलेलं बघा. व्हॉल्व्ह कुठला ते नंबराआधीच्या अक्षरांवरून कळतं: एव्ही म्हणजे कारचा, एसव्ही म्हणजे बारीक, डीव्ही म्हणजे डनलॉप.

निळूभाऊ

डच_वारा, हे वाचून फार बरं वाटलं. वॉलट्यूब हा आमच्या दुकानाचा रोजचा गिऱ्हाईक होता. तिच्यात एक गोष्ट अजून: देशी व्हॉल्व्हमधून आतला दाब मीटरवर नीट दिसत नाही, कारण ती रबरी नळी हवेला बाहेर येऊच देत नाही. म्हणून बोटाने दाबून बघायची सवय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या टिकली.

मीनल_

जरा मूळ मुद्द्याशी जोडून विचारते. रुंदी चुकली तर नेमकं काय होतं? माझा टायर ७०० x ३५ आहे आणि दुकानात फक्त २५/३२ होती.

निळूभाऊ

अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये भरली की ती फुगत फुगत टायरच्या भिंतीला टेकेपर्यंत ताणते आणि तिचा पापुद्रा पातळ होतो. हवा लवकर उतरते, बारीकसा काटाही आरपार जातो, आणि पॅच लावला तर तो ताणामुळे कडेने सुटत जातो. पंक्चर झालंच तर हवा हळूहळू न जाता फस्सकन जाते. अडीनडीला घरी पोहोचण्यापुरती २५/३२ चालेल, रोजच्याला नको.

उलट रुंद ट्यूब अरुंद टायरमध्ये कोंबली की तिला आत घडी पडते. घडीवर ती घासत राहते आणि आठ-पंधरा दिवसांत तिथेच चिरते. शिवाय टायर बसवताना ती कडेखाली सापडते. दोन्हींत निवडायची वेळ आलीच तर मी किंचित अरुंद निवडेन, रुंद नाही.

आणि खोक्यावरच्या दोन आकड्यांच्या टोकाला राहू नका. ३५/४३ मध्ये ३८-४० मधोमध येतं, ते उत्तम.

दख्खनी

आता माझा आवडीचा विषय. नवी ट्यूब घालण्याआधी जुनी का गेली हे शोधल्याशिवाय टायर बंद करू नका. आमच्याकडे बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही, आत अर्धा मिलिमीटर डोकावतो. सराट्याचं तर काय सांगावं, एका सराट्याला चहूबाजूंनी काटे, कसाही पडला तरी एक वर. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरातल्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसासारख्या, त्या सगळ्यात वाईट. नवी ट्यूब घातली, हवा भरली, पाच किलोमीटरवर परत खाली. माणूस ट्यूबेला शिव्या देतो.

मी टायर बसवताना कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणतो. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून फुगवायची, भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं, आणि टायरवर नावापासून तेवढंच अंतर मोजायचं. काटा बहुतेक तिथेच सापडतो. बोट आत फिरवू नका, तार असेल तर बोट कापतं. कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. काढायला बारीक चिमटा ठेवा, नखाने निघत नाही.

आणि भोक ट्यूबेच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर काटा शोधत बसू नका. रिमवरची पट्टी सरकलेली असणार आणि स्पोकचं टोक किंवा त्याच्या भोकाची धार ट्यूबेला लागत असणार. पट्टी बदला, ट्यूब आपोआप टिकेल.

गडभटक्या

आणि व्हॉल्व्हच्या बुडाशीच चिरत असेल तर? माझ्या मित्राच्या लागोपाठ तशाच गेल्या.

दख्खनी

दोन कारणं संभवतात. बारीक व्हॉल्व्हला बाहेरून जी गोल चकती असते ती पकडीने करकचून आवळतात, त्याने व्हॉल्व्ह ट्यूबेतून ओढला जातो. ती बोटाने टेकवायची, बास. किंवा हवा कमी असताना ब्रेक मारला की टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडा, टायर फिरवून सरळ करा, परत भरा.

निळूभाऊ

दख्खनींचं वाक्य न् वाक्य खरं. एक भर घालतो. नवी ट्यूब घालताना आधी तिच्यात दोन-चार पंप हवा मारा, गोल आकार येईल इतकी. मग टायरात बसवा. टायरची शेवटची कड टॉमीने (टायर काढायच्या पट्टीने) नको, अंगठ्यांनी चढवा, आणि ती व्हॉल्व्हपाशी संपवा, व्हॉल्व्हपासून सुरू करू नका. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकला म्हणजे त्याच्या बुडाची जाड रबर कडेखालून मोकळी होते. पूर्ण हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी चाकभर टायर चिमटून बघा, ट्यूबेचं काळं कुठे डोकावत नाही ना. एवढं केलं तर बसवताना ट्यूब जाणार नाही.

पाऊलवाट

हे सगळं छापून सायकलच्या पिशवीत ठेवणार आहे. आता माझा उरलेला प्रश्न: कोकणात वाटेत काय मिळेल?

गडभटक्या

त्या वाटेने मी गेलोय. हरिहरेश्वरहून पुढे बागमांडला ते वेसवी फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळला परत बोट, पलीकडे धोपावे. गुहागरवरून तवसाळ, तिथून बोटीने जयगड. या बोटींच्या मधल्या गावांत ७०० च्या ट्यूबा मिळतील असं धरून चालू नका. रत्नागिरीत मिळण्याची शक्यता चांगली, पुढे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत बेभरवशाचं. पण साध्या सायकलच्या दुकानात २८ x १ १/२ हमखास लोंबत असते.

आणि इथेच पाऊलवाटताई, निळूभाऊंनी आधी सांगितलेलं कामाला येतं. तुमच्या रिमचं भोक जाड्या व्हॉल्व्हचं आहे. तुमचा टायर ४० मिमीचा, ती ट्यूबही जवळपास तेवढ्याच रुंदीची. व्यासातला फरक ट्यूब सांभाळून घेते. म्हणजे साताऱ्यातलं ते तिसरं खोकं तुम्हाला अडचणीत वाचवू शकतं.

निळूभाऊ

गडभटक्यांनी बरोबर पकडलं. बसवताना ती किंचित सैल वाटेल, घडी पडू न देता चाकभर सारखी पसरवा. ज्यांच्या रिमला बारीक भोक आहे, मीनलताईंसारखं, त्यांना मात्र हा मार्ग बंद. त्यांनी आपल्या ट्यूबा घरूनच जास्त न्याव्यात.

मीनल_

म्हणजे लांबच्या दौऱ्याला जाडा व्हॉल्व्ह जास्त सोयीचा?

निळूभाऊ

भारतात, छोट्या गावांतून, हो. पेट्रोल पंपावरची हवाही त्याला थेट लागते. बारीक व्हॉल्व्हला पितळी अडॅप्टर लागतो, तो पंपाच्या पिशवीत दोऱ्याने बांधून ठेवा, छोटीशी वस्तू पण हरवली की दिवस वाया. मात्र एक गंमत: गावातल्या साध्या हातपंपाची देशी व्हॉल्व्हची नळी प्रेस्टालाही बसते. फक्त आधी टोकाची फिरकी सोडायला विसरू नका, आणि ती पिन वाकवू नका.

पेडलवेडा

बारीक व्हॉल्व्हवाल्यांनी लांबीही बघा. ४०, ४८, ६०, ८० मिमी अशा मिळतात. साध्या रिमला ४० पुरते, खोल रिम असेल तर रिमच्या खोलीत किमान पंधरा-वीस मिमी मिळवा. पंपाचं तोंड धरायला तेवढं बाहेर दिसलंच पाहिजे.

आणि कोणी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी नेणार असेल तर दुसऱ्या दिवशी ती हवा सोडून पंपाने भरा. तो वायू ब्युटाइलमधून साध्या हवेपेक्षा खूप लवकर निसटतो. रात्रीत टायर मऊ होतो आणि लोक नसलेलं पंक्चर शोधत बसतात.

खडीसाखर

चौघांत मिळून किती ट्यूबा न्यायच्या ते ठरवा. माझं मत, माणशी दोन, आणि चौघांत एक पंक्चरचा डबा. त्यात सोल्युशनची नळी नवी हवी. एकदा उघडलेली नळी सहा महिन्यांनी दाबली की आतून नुसती हवा येते.

दख्खनी

+१. आणि सोल्युशन लावल्यावर लगेच पॅच टेकवू नका. ओली चमक जाईपर्यंत थांबा, चार-पाच मिनिटं. घाईत टेकवलेला पॅच पहिल्या चढावर सुटतो. स्वतः चिकटणारे पॅच आपल्या उन्हात भरवशाचे नाहीत, तात्पुरते समजा.

टायरच कापला गेला असेल तर बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत जाड कागद तीन-चार घड्या करून आतून लावायचा आणि मग ट्यूब. पुढच्या गावापर्यंत आरामात जाता येतं.

पाऊलवाट

ठरलं. ७०० x ३५/४३, जाडा व्हॉल्व्ह, काळं ब्युटाइल, माझ्यासाठी दोन. आमच्यातल्या दोघांच्या रिमला बारीक भोक आहे असं आज फोनवर विचारल्यावर कळलं, ते माणशी तीन नेणार आणि त्यांचे पितळी अडॅप्टरही मी घेऊन ठेवते. सगळ्यांचे मनापासून आभार.

अवंती_ज

उशिरा आले, विषय थोडा वेगळा पण याच धाग्यात विचारते. आईच्या व्हीलचेअरच्या मोठ्या चाकाची ट्यूब गेली आहे. चाकावर २४ x १ ३/८ आहे. दोन दुकानांनी लहान मुलांच्या सायकलची २४ ची ट्यूब पुढे केली. चालेल का?

निळूभाऊ

अवंतीताई, टायरवर ३७-५४० लिहिलंय का बघा. व्हीलचेअरच्या मागच्या चाकाचं ते नेहमीचं माप. मुलांच्या चोविशीचा व्यास ५०७ असतो आणि ट्यूब बहुतेक जास्त रुंद असते. व्यास ताणून भागेल, पण रुंद ट्यूबेला आत घडी पडेल, आणि आईंच्या खुर्चीला ते नको. खोक्यावर ३७-५४० किंवा २४ x १ ३/८ लिहिलेलीच मागा. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. नसेल तर सायकलवाल्याला मागवायला सांगा. आणि व्हॉल्व्ह आत्ता आहे त्याच जातीचा घ्या, म्हणजे घरचा पंप चालेल.

अवंती_ज

३७-५४० च आहे. व्हॉल्व्ह जाडा. उद्या जाते.

दख्खनी

जाताना जुनी ट्यूब बरोबर न्या. आणि त्या आधी तिचं भोक कुठल्या अंगाला आहे ते बघून ठेवा, खुर्चीच्या रिमवरची पट्टीही बऱ्याचदा सरकलेली असते.